ढोलीचं वय

उत्तर कन्नडमधल्या जोयडा तालुक्यात माणसं थोडी आणि झाडं उदंड. २०११च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या ५२ हजारांच्या आसपास होती आणि क्षेत्रफळ जवळजवळ १९०० चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरमागे तीस माणसंसुद्धा नाहीत. शेजारच्या एकट्या दांडेली शहरात जवळपास तेवढीच वस्ती आहे. अशा जागी राहून शहरांतल्या बागांविषयी आणि टेकड्यांविषयी लिहायचं कारण कामाचं आहे. पक्षी दाखवणं, त्यांची मोजदाद करणं, घरट्यांवर लक्ष ठेवणं हे काम इथे जो करतो, त्याचा हंगाम जातो तो शहरांतून आलेल्या माणसांबरोबर: पुणे, मुंबई, बेळगाव, हुबळी, पणजी. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. आमच्याकडे महापालिका दरवर्षी हजारो रोपं लावते, सोसायटीत बाग आहे, रस्त्याला दुतर्फा झाडं आहेत. मग इथे पहाटे जो कालवा ऐकू येतो त्याचा शंभरावा हिस्साही तिथे का नाही? हवा खराब आहे, गाड्या फार आहेत, एवढं सांगून या प्रश्नाची बोळवण करता येत नाही, कारण त्याच हवेत शहराच्या काही कोपऱ्यांत पाखरं सुखाने नांदताना दिसतात. या कामातून माझ्यापुरतं उत्तर तयार झालं आहे ते असं, की शहरात आपण झाडं मोजतो आणि पाखरं झाडाचं वय बघतात. शहरातली हिरवाई वन्यजीवांच्या उपयोगी पडते की नाही, हे ती किती एकरांवर आहे यापेक्षा तिच्यात किती जुनी झाडं उभी आहेत आणि ती कशाकशाला जोडलेली आहेत, यावर ठरतं.

धनेशाचं घरटं समजून घेतलं की हे लख्ख कळतं. दांडेली-जोयड्याच्या पट्ट्यात धनेशाच्या चार जाती आहेत: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश. चारही जाती झाडाच्या ढोलीत घरटं करतात आणि चारांपैकी एकालाही स्वतः ढोली कोरता येत नाही. एवढी मोठी चोच, पण ती फळ तोडायला; लाकूड पोखरायला ती निरुपयोगी. म्हणजे झाडाने आधी म्हातारं व्हायला हवं. कधीतरी वाऱ्याने एखादी जाड फांदी मोडते, त्या जखमेत पावसाचं पाणी मुरतं, बुरशी गाभ्याचं लाकूड मऊ करते, मग सुतारपक्षी किंवा मुंग्या तिथे काम करतात, आणि या सगळ्याला काही दशकं लागतात. तेव्हा कुठे आत पक्ष्याला वळता येईल एवढी पोकळी तयार होते. उन्हाळ्याच्या तोंडाला मादी त्या ढोलीत शिरते आणि माती, विष्ठा, फळांचा गर यांनी दार लिंपून घेते. शिल्लक राहते एक उभी फट, नराच्या चोचीचं टोक जाईल इतकीच. पुढचे कित्येक आठवडे तिचं आणि पिल्लांचं पोट त्या फटीवर चालतं. नर घशात साठवून आणलेली फळं एकेक करून वर आणतो आणि आत सरकवतो. घरटं शोधायचं तर वर पाहण्याआधी झाडाच्या बुंध्याशी पाहावं: टाकलेल्या बियांचा थर, वाळलेली विष्ठा, आणि पावसाळ्यानंतर त्याच जागी उगवलेली रोपं. एका ढोलीखाली अर्ध्या जंगलाची रोपवाटिका असते. तीच ढोली वर्षानुवर्षं वापरली जाते, आणि ते झाड गेलं तर त्या जोडीला शेजारचं तरणं झाड दाखवून उपयोग नसतो.

हे फक्त घनदाट जंगलाचं आहे, असं वाटत असेल तर दांडेली पाहावी. कागद गिरणीभोवती वाढलेलं हे शहर आहे, इथे ट्रक आहेत, बाजार आहे, नदीकाठी रिसॉर्टांची रांग आहे. तरीही वन खात्याच्या जुन्या टिंबर डेपोच्या आवारात मलबारी कवड्या धनेशांचे थवे उतरतात, आणि काळ्यापांढऱ्या पंखांचा तो घरघराट रस्त्यावरून ऐकू येतो. कर्नाटक सरकारने २०११ साली दांडेलीच्या परिसरातल्या ५२.५ चौरस किलोमीटर क्षेत्राला धनेश संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलं. पण शहराच्या अंगणात हा पक्षी राहतो, त्याचं कारण निव्वळ सरकारी आदेशात नाही. कारण वडात, पिंपळात, उंबरात, नांदरुकात आहे. या झाडांची एक गोष्ट शहरात बाग आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी. उंबर फोडल्यावर जी बारीक केंबरं उडतात, त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही. प्रत्येक जातीच्या झाडाला स्वतःचं असं केंबरं असतं, आणि बाहेर पडल्यावर ते फार तर एखाद-दोन दिवस जगतं. तेवढ्या वेळात त्याला त्याच जातीचं, नेमक्या अवस्थेतलं दुसरं झाड सापडायला हवं. म्हणून एका जातीची सगळी झाडं एकदम फळत नाहीत, आळीपाळीने फळतात, आणि वर्षभर कुठे ना कुठे एखादं झाड फळांनी लगडलेलं असतं. भर उन्हाळ्यात बाकी रान सुकलेलं असताना धनेश, हरियाल, तांबट, वटवाघळं, खारी सगळे या झाडांवर तगतात. चौकात राखलेला एकटा वड ही व्यवस्था चालवू शकत नाही. त्याला आसपास सोबती लागतात, आणि तेही जुने.

उलट बाजूही याच जिल्ह्यात आहे. उत्तर कन्नडमध्ये सागाची लागवड ब्रिटिश काळापासून झाली, नंतर निलगिरी आली, मग ऑस्ट्रेलियन अकेशिया आली. ती लागवड लांबून हिरवीगार दिसते आणि उपग्रहाच्या चित्रातही हिरवीच येते. आत शिरल्यावर मात्र शांतता असते. सगळी झाडं एका वयाची, खाली कुजायला वेळ घेणाऱ्या पानांचा सुका थर, वर धनेशाला गिळता येईल असं फळ नाही, खोडात ढोली नाही. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं तेव्हा नेमकं हेच घडलं. हेतू चांगला होता, उघड्या टेकड्या झाकायच्या होत्या. पण त्या टेकड्या ओसाड मुळात नव्हत्याच. तिथलं गवत आणि खुरटी झुडपं हेच चंडोल, तित्तिर, सरडे, फुलपाखरं यांचं घर होतं. टेकडी हिरवी झाली आणि घर गेलं. मी हे दोष देण्यासाठी मांडत नाही. लागवड करणाऱ्यांना त्या काळी जे पटलं ते त्यांनी मनापासून केलं. पण आता आपल्याला कळलं आहे, आणि कळल्यावरही आपण रोपांचे आकडे जाहीर करण्यात धन्यता मानत असू तर ती चूक आपली.

लहान जागेला काहीच अर्थ नाही, असा याचा अर्थ कुणी काढू नये. इथल्या गणेशगुडीला पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी झाडांच्या सावलीत मातीची, दगडाची उथळ भांडी ठेवलेली असतात, त्यांत थेंब थेंब पाणी पडत राहतं. हातभर रुंदीची ही जागा. पण उन्हाळ्यातल्या दुपारी तिथे पाचू कवडा येतो, लालकंठी बुलबुल येतो, शामा येतो, आणि हिवाळ्यात हिमालयातून उतरलेला निळा रॉबिन पालापाचोळ्यातून उड्या मारत येतो. पुण्या-मुंबईत गच्चीवर, गॅलरीत लोक मोठ्या मायेने पाण्याची भांडी ठेवतात, आणि तिथे कबुतरं व साळुंक्या येतात. भांडं तेच, पाणी तेच. फरक भांड्याच्या मागे आहे: गणेशगुडीला त्या भांड्यापासून हातभर अंतरावर झुडूप आहे, झुडपामागे पडलेलं लाकूड, त्यामागे झाड, आणि झाडामागे काली व्याघ्र प्रकल्पाचं सगळं रान, अणशीपासून पुढे गोव्याच्या मोलेपर्यंत सलग. भित्रा पक्षी उघड्यावरून पाण्याला येत नाही, आडोशा-आडोशाने येतो. शहरातल्या बागेत आपण पहिल्यांदा हा आडोसा साफ करतो. पालापाचोळा झाडून पेटवतो, झुडपं कातरतो, पडलेलं लाकूड उचलून नेतो, रात्रभर दिवे लावतो, मग मधोमध हिरवळ अंथरतो. आपल्या डोळ्यांना ती जागा नीटनेटकी वाटते, आणि कस्तुराला, बेडकाला, काजव्याला तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही.

शहरांत जिथे जमलं आहे तिथे काय होतं, हेही पाहिलं पाहिजे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, भोवती कोटीभराहून अधिक माणसं, आणि आत बिबटे नांदतात. कारण ते एक सलग जुनं रान आहे, त्यात तुळशी-विहार हे तलाव आहेत, आणि त्याला शेजारच्या आरेची जोड आहे. पुण्यात गणेशखिंडीचं उद्यान १८७३ पासून उभं आहे, आणि २०२० साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला; तिथली पुंजी म्हणजे दीड शतक कुणी न तोडलेली झाडं. राखी धनेश पुण्यात आणि मुंबईत आहे, आणि तो सापडतो कुठे, तर जुन्या वसाहतींत, कँटोन्मेंटमध्ये, विद्यापीठांच्या आवारांत, स्मशानांच्या आणि दर्ग्यांच्या कडेला, म्हणजे जिथे झाडांना म्हातारं होऊ दिलं गेलं तिथे. या मुद्द्यावर मी देशी-विदेशीचा आग्रहही थोडा सैल करीन. नवं लावायचं तर इथलंच लावावं. पण एखाद्या जुन्या पर्जन्यवृक्षात ढोली झाली असेल आणि तीत पोपट किंवा पिंगळा राहत असेल, तर झाड परदेशी म्हणून त्याच्यावर कुऱ्हाड चालवू नये.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो माहीमच्या निसर्ग उद्यानाचं उदाहरण देऊन. सत्तरच्या दशकापर्यंत ती कचराभूमी होती, १९९४ साली उद्यान खुलं झालं, आणि आज त्या ३७ एकरांत दाट झाडी आहे, पाखरं आहेत. मग नवी लागवडही फळते की! फळते, यात वादच नाही, आणि त्या उद्यानाचं मोल मी कमी करत नाही. पण ते कसं फळलं ते पाहा. बाजूला मिठी नदीचा काठ आणि खारफुटी होती, म्हणजे जोडणारा धागा होता. निरनिराळ्या जातींची झाडं लावली गेली. आणि मुख्य म्हणजे त्या जागेला चार दशकं मिळाली. नवी झाडं लावायला माझा विरोध नाही. ती आत्ता लावली तर २०६५ साली कुणाच्या तरी उपयोगी पडतील. माझा विरोध आहे तो जुनं तोडून नवं लावल्याने हिशेब फिटतो या समजुतीला. मियावाकी पद्धतीच्या दाट लागवडींबद्दलही हेच म्हणणं आहे. त्यांच्यात फुलपाखरं येतात, लहान पाखरं आडोशाला येतात, रस्त्याची धूळ अडते. मात्र हातभर अंतरावर कोंबलेली झाडं उंचीसाठी धावतात, घेरासाठी नाही, आणि घेर नसेल तर ढोली कुठून येणार? जिथे डांबर होतं तिथे मियावाकी जरूर करावी. जिथे गवताळ टेकडी किंवा जुनी बाग आहे तिथे करू नये.

कायद्यातही हा घोळ आहे. महाराष्ट्राचा नागरी वृक्ष संरक्षणाचा कायदा १९७५ सालचा. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानलं गेलं. ही फार मोठी गोष्ट आहे. कायद्याने पहिल्यांदा झाडाचं वय ओळखलं. पण त्याच दुरुस्तीत तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावण्याची तरतूद आली. ऐंशी वर्षांच्या वडामागे ऐंशी रोपं. वयाचं रूपांतर पुन्हा संख्येत झालं. रोपं जगतील असं धरून चाललं, सगळी जगतील असंही धरलं, तरी पुढची ऐंशी वर्षं त्या वडावर जगणाऱ्यांनी कुठे जायचं, याचं उत्तर त्या ऐंशी रोपांत नाही. २०१९ साली आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडं एका-दोन रात्रींत तोडली गेली, तेव्हा दुसरीकडे लावलेल्या रोपांचा आकडा त्याहून कितीतरी मोठा सांगितला गेला होता. मेट्रो हवी, हे मला मान्य आहे. लाखो माणसांचा रोजचा प्रवास ही किरकोळ बाब नाही. पण जमाखर्चाच्या वहीत ढोलीसाठी रकाना असता, तर जागेचा विचार आधी आणि वेगळा झाला असता.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी सगळ्यांत गंभीर मानतो. पावसाळ्यात शहरांत झाडं आणि फांद्या पडून माणसं मरतात. म्हातारं झाड, पोकळ खोड, वाळकी फांदी हे सगळं पाखराला हवं असतं आणि खालून जाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. यावर भावनेचं उत्तर चालणार नाही. पण शहरात झाडं पडतात ती बहुतेकदा वयाने नाही. केबल आणि गटारासाठी खणताना एका बाजूची मुळं तोडली जातात, बुंध्यापर्यंत काँक्रीट येतं, छाटणी एकाच बाजूने होते आणि झाडाचा तोल जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीत झाडाभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं. पुढे इतर शहरांतही तशी मागणी झाली. तेवढं जरी मनापासून पाळलं तरी कितीतरी झाडं उभी राहतील. आणि रस्त्यावरच्या झाडाला जो नियम तोच बागेच्या आतल्या कोपऱ्यातल्या झाडाला लावण्याचं कारण नाही. तिथे वाळलेल्या झाडाच्या वरच्या फांद्या उतरवाव्यात, खोड उभं ठेवावं, भोवती कुंपण घालून फलक लावावा. सुतारपक्षी आणि तांबट त्यात घर कोरतील, त्यांच्यामागून साळुंकी, दयाळ, पिंगळा येतील. मेलेलं झाड रानात जिवंत झाडाइतकंच कामाचं असतं.

बिबट्याचा धाकही लोक बोलून दाखवतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मुंबईतले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्राचाव्यांचं प्रमाण घटतं, असा अंदाज मांडला. तो अभ्यास महत्त्वाचा आहे. पण २०२१ साली आरेत बिबट्याचे लागोपाठ हल्ले झाले, त्या पाड्यांवरच्या बायाबापड्यांना हा आकडा ऐकवून चालणार नाही. हिरवाईची किंमत शहरात सगळे सारखी मोजत नाहीत. टॉवरच्या खिडकीतून रान दिसतं, पाड्यावर रान दाराशी येतं. जोयड्यातही तेच आहे. दांडेलीचं अभयारण्य १९५६ साली, अणशीचं राष्ट्रीय उद्यान १९८७ साली, २००७ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प, आणि २०१५ पासून त्याचं नाव काली. या प्रत्येक टप्प्यावर इथल्या कुणब्याचं रानात जाणं-येणं आवळत गेलं. सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, लोक रामनगरला वसवले गेले. त्या पाण्यावरची वीज दूरच्या शहरांत गेली. ज्यांनी देवाचं रान म्हणून झाडाला हात लावला नाही, परसात मुडलीसारख्या कंदांच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या, त्यांनी काय सोसलं हे शहराने जाणून घेतलं पाहिजे. म्हणूनच 'वन्यजीव जंगलात सांभाळा, शहरात त्यांची गरज काय' हा तिसरा आक्षेप मला पटत नाही. जंगल जोयड्याने राखायचं आणि त्याच्या छाताडावरून रस्ते, रूळ, वीजवाहिन्या शहरासाठी न्यायच्या, हे किती काळ चालेल? तिनईघाट–कॅसल रॉक–कुळे रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, आणि त्यामागे मोलेच्या रानासाठी उभी राहिलेली गोव्यातल्या शहरांतली तरुण मुलंही होती. घराजवळच्या झाडावरचा धनेश ज्याने पाहिला आहे, त्याला कॅसल रॉकच्या रानात काय जाईल हे समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट आजच्या आज करता येण्यासारखी आहे आणि तिला पैसाही लागत नाही. राखी धनेशाची मादी साधारण मार्चपासून जूनपर्यंत ढोलीत स्वतःला कोंडून घेते. पोपट, पिंगळे, तांबट, साळुंक्या यांची पिल्लंही याच सुमाराला घरट्यांत असतात. आणि शहरांतली पावसाळापूर्व छाटणी होते एप्रिल-मेमध्ये. मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते जानेवारीत उरकावी आणि उन्हाळ्यात फक्त खरोखर धोक्याची फांदी काढावी, असा अर्ज आपल्या प्रभागातल्या उद्यान विभागाला प्रत्येकाला देता येतो. आपल्या गल्लीतल्या झाडावर तोडीची नोटीस चिकटवलेली दिसली तर हरकत जरूर नोंदवा, आणि तीत 'झाड वाचवा' एवढंच लिहू नका. बुंध्याचा घेर मोजून लिहा, ढोली किती आणि किती उंचीवर ते लिहा, आत कोण राहतं ते लिहा, आणि शक्य असेल तर बुंध्याशी पडलेल्या बियांचा फोटो जोडा.